सुपारीचा पंप, फणसाची भिंत

सुपारीवर औषध मारायच्या पंपानं मी घराची भिंत धुतली.

दुसऱ्या दिवशी मुलीकडची माणसं खानापूरहून घर बघायला येणार होती. धाकट्या भावाची आणि मुलीची पसंती झालेलीच. अडलं होतं ते घरावर. ‘जंगलातलं घर’ म्हणून तिचे वडील कुरकुरत होते. आणि आमच्या दर्शनी भिंतीच्या फणसाच्या फळ्या पावसाळाभर ओल पिऊन शेवाळानं हिरव्यागार!

हातानं कोण घासत बसणार? लावला पंप. काय तो फवारा! शेवाळाच्या चिंध्या उडतायत, मी ओरडतोय, कुत्रं भुंकतंय. भिंत लख्ख झाली आणि मी ऐटीत जेवायला गेलो.

जेवून येतो तर भिंत निळी! पंपाच्या पिंपात तळाशी सुपारीच्या मोरचूद-चुन्याच्या औषधाचा साका राहिलेला. ओल्यात दिसला नाही, वाळल्यावर वरपासून खालपर्यंत ठिपकेच ठिपके.

भाऊ बाहेर आला आणि जागीच थांबला.

“अण्णा, हे काय केलास?”

“रंग बरा दिसतोय की.”

“त्यांना घर दाखवायचं हाय, बाग न्हाई!”

बोलता बोलता त्याचा चेहरा एवढासा झाला. मग मात्र मलाही घाम फुटला. पुन्हा फवारा मारावा म्हणून वळलो, तर त्यानं पाइपच हिसकावून घेतला. जवळून पाणी बसलं होतं तिथं फळीचे तंतू उभे राहिलेले दिसत होते.

तोंड चुकवत परसात गेलो. तिथं बायको पाहुण्यांसाठी तांब्याचा हंडा चिंचेनं घासत बसली होती, आणि हंड्यावरचे हिरवट डाग भराभर उतरत होते. अरे! मोरचूद म्हणजे तरी तांबंच की! मी तिच्यापुढची चिंच उचलली आणि पळालो.

“अहो, ती सारासाठी ठेवलीया! पाव्हण्यांना उद्या काय वाढू?”

“आधी भिंत तर दाखवू दे!”

कोपऱ्यातल्या एका फळीवर चिंचेचं पाणी लावलं, जरा थांबलो, जुन्या लुगड्याच्या मऊ बोळ्यानं पुसलं. निळं गेलं! भाऊ अंगणात नाचायचाच बाकी होता. बायकोही पदर खोचून आली, पण मुकादम होऊनच. “ब्रश न्हाई लावायचा. खालनं वर जावा. वरनं सुरू केलासा तर कोरड्या फळीवर वघळ उठतील.” चिंच झाल्यावर साधं पाणी, मग उरल्या शेवाळाला रिठ्याचा फेस, तोही लाकडाच्या रेषेनं, तान्ह्या बाळाला न्हाऊ घालावं तसा हलक्या हातानं. एकेक फळी पिवळीधमक उजळायची की भाऊ आरोळी ठोकायचा. ऊन कलायच्या आत भिंत अशी झळकली की मीच दोनदा रस्त्यावर जाऊन बघून आलो.

पाहुणे आले. मुलीच्या वडिलांनी फळीवर बोटं वाजवली. “लाकूड बरं राखलंय.” पण शेवटचा शब्द होता मुलीच्या आजीचा, आणि त्या नुसत्या भिंतीकडं बघत बसलेल्या. मला राहवेना. चहा देता देता मी पंपापासून चिंचेपर्यंत सगळी हकिगत हातवारे करून सांगून टाकली! भाऊ चिमटे काढत होता, पण मला आवरणार कोण? सगळे पोट धरून हसले. आजींनी तेवढी कपबशी खाली ठेवली आणि माझ्या बायकोकडं वळल्या.

“पोरगं चांगलं हाय, घर बी चांगलं हाय. पोर आमची दिली. फकस्त ह्या थोरल्याला तेवढं गोठ्यात बांधून घाला.”