देवाचे काही अडत नाही

मनोरमाअक्कांची आणि माझी ओळख एका बिघाडामुळे झाली. राजाजीनगरातली आमची मराठी ख्रिस्ती मंडळी कन्नड मंडळीच्या चर्चमध्ये दुपारी उपासनेला जमते. मी शहराच्या दुसऱ्या टोकाच्या व्हाइटफील्डहून पहिल्यांदाच आले होते आणि कोणाशी बोलण्याचा विचार नव्हता. पण स्पीकर सारखा घुमत होता. शेवटी उठले आणि सैल झालेली वायर घट्ट केली. उपासनेनंतर पेटीमागून एक सडपातळ बाई उठून आल्या.

"काय काम करतेस गं?"

"चाचणी अभियंता आहे. वस्तू कुठे तुटते ते शोधते."

"माणसांचं पण शोधतेस काय?"

"नाही."

"बरं झालं. चहा घे."

पुढच्या रविवारपासून ध्वनियंत्रणा माझ्याकडे आली.

अक्का मूळच्या निपाणीकडच्या. बनशंकरीच्या एका शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या. मंडळीत त्या पेटी वाजवत, गीते सांगत आणि नव्या माणसांचा वर्ग घेत. त्या वर्गात त्यांनी सांगितलेले एक विधान मी वहीत उतरवून घेतले होते: देव स्वयंपूर्ण आहे, आपण स्तुती केली म्हणून तो वाढत नाही, गप्प बसलो म्हणून घटत नाही. विधान मला नेमके वाटले. त्याचा माझ्याशी काही संबंध असेल असे वाटले नाही.

दोन वर्षांनी माझ्या पप्पांना हृदयविकाराचा झटका आला. त्यांना बेळगावच्या इस्पितळात ठेवले होते. मी दोन दिवस जाऊन शनिवारी परत आले. काका पप्पांजवळ होते, पण परत येण्याचे खरे कारण वेगळे होते. मी मनात देवाला शब्द दिला होता: मी एकही रविवार चुकवणार नाही, तू पप्पांना वाचव.

उपासनेला वीस मिनिटे असताना अक्कांनी विचारले, "पप्पा कसे आहेत?"

"अतिदक्षता विभागात आहेत."

"आणि तू इथं वायरी जोडत बसलीस?"

मी शब्द दिल्याचे सांगितले. तोवर ते कोणालाच सांगितले नव्हते.

"नवस बोललीस म्हण की," अक्का म्हणाल्या. "तुझा माइक नसला तर देवाला ऐकू यायचं बंद होणार काय? त्याला काही लागत नाही गं. तुझ्या पप्पांना लागतंय. पाणी लागतंय, औषध लागतंय, तू लागतेस."

"आणि मी गेले आणि त्यांना काही झालं तर?"

"ते मला माहीत नाही," अक्का म्हणाल्या.

त्यांनी खोटा धीर दिला असता तर मी गेले नसते. मी उठले, तेव्हा त्याही पर्स घेऊन उठल्या.

"अक्का, गीतं कोण सांगणार?"

"म्हणतील की. तोंडं आहेत सगळ्यांना."

ऑटोवाल्याला "स्वल्प बेगा, अण्णा" म्हणून घाई करत त्यांनी मला मॅजेस्टिक स्थानकावर बेळगावच्या बसपर्यंत पोहोचवले. त्या दिवशी उपासना माइकविना आणि पेटीविना झाली.

पप्पा पुढे अकरा दिवस होते. मी त्यांना चमच्याने पेज भरवली, त्यांची नखे कापली. एकदा त्यांनी विचारले, "रविवारी तिकडं कोण बघतंय?"

"कोणी नाही."

"मग?"

"चालतं, पप्पा."

"बेस," म्हणाले आणि हसले.

ते गेले त्या दिवशी मी अक्कांना फोन केला आणि एवढेच विचारले, "मी शब्द मोडला म्हणून?"

"नाही," अक्का म्हणाल्या. "ज्याला काही लागतच नाही, तो रुसेल कशाला, पोरी?"

दुसऱ्या दिवशी बेळगावात पप्पांच्या अंत्यविधीला प्रार्थनास्थळी सर्वांत मागे त्या उभ्या होत्या. येणार असल्याचे त्यांनी कळवले नव्हते.

बेळगावहून परत आल्यावर मी नेहमीप्रमाणे यंत्रणेकडे वळले, तर त्यांनी पेटीजवळच्या बाकाकडे बोट दाखवले. "बस इथं."

"काम आहे."

"काम नाही. बस."

मी चार महिने नुसती बसले. काही न करता देवासमोर बसणे मला फार अवघड गेले. मग एका रविवारी मागच्या बाकावरचे एक आजोबा कानामागे हात धरून उपदेश ऐकताना दिसले. मी उठून स्पीकर त्यांच्या दिशेने वळवला. त्या कामावर कोणाचे जगणे-मरणे टांगलेले नव्हते. आजोबांनी हात खाली घेतला, एवढेच झाले, आणि मला आनंद झाला.

यंदा त्यांची बोटे आखडू लागली. एका रविवारी त्यांनी पेटी कॉलेजात जाणाऱ्या एका मुलीकडे सोपवली. ती सूर चुकते, असे कोणीतरी कुजबुजले. "चुकू दे की," अक्का म्हणाल्या. "मी पण चुकत होते. तुम्ही भीत होता म्हणून कोणी सांगितलं नाही." चाळीस वर्षांची सेवा त्यांनी इतक्या सहज खाली ठेवली. आता त्या आमच्यात बसून मोकळ्या आवाजात गातात.

अक्का पंच्याहत्तर वर्षांच्या झाल्या. त्यांना पुष्कळ आयुष्य मिळावे, गुडघ्यांनी साथ द्यावी, रात्री शांत झोप लागावी आणि सकाळी उठल्यावर करण्यासारखे काही आवडीचे असावे, अशी मी रोज प्रार्थना करते. या प्रार्थनेच्या बदल्यात मी देवाला काहीही देऊ केलेले नाही.