दगडाला सलाइन

आमच्या आत्याच्या गळ्यात दर पंधरवड्याला वेगळा दगड असायचा आणि त्यातला एकही तिचा नसायचा. कधी शेवाळी हिरवा, कधी ताकासारखा पांढुरका, कधी नुसताच धुरकट. काळ्या दोऱ्यात ओवलेला, ब्लाउजच्या आत, अंगाला लागून. लग्नाकार्यात दोरा दिसला की बायका विचारायच्या, "नवीन केलंत का काही?" आत्या शांतपणे सांगायची, "माझं नाही हो, दुसऱ्या बाईंचं आहे. मी फक्त गरम करून देते." विचारणारीचा चेहरा बघण्यासारखा व्हायचा. मी हसू नये म्हणून आई मागून मला चिमटा काढायची.

आत्याचं सांगणं एकच होतं. थंड दगड कुणाच्या छातीला लावायचा नाही. आधी आपण घालायचा, घालून भाजी आणायची, पोळ्या करायच्या, झोपायचं, आणि दगड माणसात आला की मग ज्याचा त्याला द्यायचा. बाजारात जेड म्हणून नाना प्रकारचे दगड खपतात. आत्याचं काम त्यातल्या नेफ्राइटचं, आणि ती त्याला यशब म्हणायची. त्याचे मणी ती करायचीच, पण तिचा खरा जीव चपट्या, गोल कडांच्या पदकांत होता. जुन्या भोपाळातल्या घरांतून अशा पदकाला हौलदिली म्हणतात. दिलात हौल उठला, म्हणजे उगाच धडधडायला लागलं, घाबरं झालं, की यशबचं पदक छातीवर बांधायचं, अशी तिकडची जुनी रीत आहे.

मराठी घरातली, नागपूरच्या वळणाची ही बाई त्या रीतीत शिरली कशी? तर नोकरीमुळे. आत्या भोपाळच्या एका सरकारी दवाखान्यात ईसीजी काढायची. तिथे जुन्या शहरातल्या एक म्हाताऱ्या बाई नेहमी यायच्या. सगळे त्यांना खाला, म्हणजे मावशी, म्हणत. तपासणीच्या आधी गळ्यातलं काढून ठेवावं लागे, आणि हौलदिली काढली की खालांचं काळीज असं काही उड्या मारायला लागायचं की कागदावर नुसता कल्ला. शेवटी आत्यानं एक तोड काढली. हौलदिली टेबलावर न ठेवता ती स्वतःच्या डाव्या मुठीत धरायची आणि उजव्या हातानं मशीन चालवायची. खाला तिच्या मुठीकडे बघत शांत पडून राहायच्या. एकदा उठताना त्या म्हणाल्या, "बिटिया, तेरे हाथ में ये ठंडा नहीं होता. तू घर आया कर."

आत्या त्यांच्या घरी गेली. खालांचे मियाँ आयुष्यभर यशब घासत आले होते. ते गेल्यावर त्यांचं चाक, घासायची कुरुंदाची पूड आणि पलंगाखालचे दगड तसेच पडून होते. खालांनी कधी चाकाला हात लावलेला नव्हता, पण सगळं डोळ्यांनी पाहिलेलं होतं. त्या पलंगावर बसून सांगायच्या आणि आत्या खाली बसून करायची. बोटं सोलून घ्यायची आणि रविवारी संध्याकाळी घरी येऊन आम्हाला अभिमानानं दाखवायची.

आमचं घर तेव्हा तुलसी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये. बाबा सचिवालयात होते. आत्यानं लग्न केलं नाही, ती आमच्याकडेच असायची. मागच्या व्हरांड्यात तिनं जुन्या शिलाई मशीनची मोटर लावून चाक बसवलं. यशब घासताना सतत ओला ठेवावा लागतो. त्यासाठी तिनं दवाखान्याच्या सवयीनं खिळ्याला सलाइनची बाटली उलटी टांगली, नळी चाकावर आणली, आणि थेंबाथेंबानं पाणी सोडलं. शेजारचे दुबेजी भिंतीवरून डोकावून बघायचे आणि ओरडायचे, "दीदी, पत्थर बचेगा कि नहीं?" आत्या नळीचं चक्र फिरवत म्हणायची, "रात तक देखते हैं, भाईसाब."

त्या व्हरांड्यातल्या दुपारी मला अजून स्वप्नात येतात. चाकाची घूं घूं, नळीतून पडणारा थेंब, आत्याच्या हातावरून ओघळणारं दुधाळ पाणी. यशब वरवर मऊ दिसतो, लोण्यासारखा, पण हातोडी मारली तर हातोडीच परत येते. त्याला तोडता येत नाही, नुसतं झिजवता येतं, तेही त्याच्या मर्जीनं. एक मणी घासून, पाण्याच्या वाटीत बुडवून भोक पाडायचं म्हणजे अख्खी दुपार जायची. मी अभ्यासाचं पुस्तक घेऊन बाजूला बसायचे आणि त्या आवाजानं डुलक्या काढायचे. आत्या म्हणायची, "झोप गं, झोप. अभ्यासही यशबसारखा असतो, एका दिवसात होत नाही." हे ऐकून आई स्वयंपाकघरातून भांडी आपटायची.

खालांच्या पलंगाखालचे दगड संपले तेव्हा खरी पंचाईत झाली. मग जयपूरच्या, खंबायतच्या व्यापाऱ्यांकडून कच्चा माल मागवणं सुरू झालं. पार्सल आलं की घरात परीक्षा बसायची. आधी दगड गालाला लावायचा, तो किती वेळ थंड राहतो ते बघायचं. मग खिशातल्या चाकूनं एक रेघ. चाकूची रेघ दगडावर उठली तर दगड नापास. पातळ काप असेल तर दोऱ्याला टांगून चमच्यानं टिचकी मारायची. चांगला यशब देवघरातल्या घंटीसारखा बोलायचा आणि सोंगाड्या नुसतं ठक्क करायचा. एकदा आईनं प्रदर्शनातून मोठ्या हौसेनं जेडची माळ आणली. आत्यानं न राहवून एका मण्यावर चाकू ओढला आणि पांढरी भुकटी उडाली. दोघी पुढे बरेच दिवस एकमेकींशी माझ्यामार्फत बोलत होत्या.

पुढे बाबा निवृत्त झाले आणि आम्ही शाहपुऱ्यात तळ्याजवळ फ्लॅट घेतला. चाक बाल्कनीत आलं, सलाइन कपड्यांच्या दांडीवर. नवीन पदक गळ्यात घातलं की आत्या सकाळी त्याला तळ्यावर फिरायला न्यायची. त्याला म्हणजे दगडाला. हिवाळ्यात तळ्यावर धुकं असायचं, पलीकडचा काठ दिसायचा नाही. ती बाकावर बसायची, दोरा बाहेर काढायची आणि यशब उजेडाला धरायची. कडेला पातळ झालेल्या जागी उजेड आत शिरतो आणि आत ढग दिसतात. "बघ, इथे नुकतंच झाकोळून आलंय," ती म्हणायची. "आणि ह्या कोपऱ्यात कुणीतरी चूल पेटवलीय." मला कधी चूल दिसायची, कधी नाही. पण तिच्याशेजारी बसून बघताना समोरचं तळं आणि हातातला दगड यात फारसा फरक वाटायचा नाही.

ती भोळी होती असं मात्र कुणी समजू नये. हौलदिली करून द्या म्हणून कुणी आलं की तिचा पहिला प्रश्न, "ईसीजी काढलात?" कागद बघितल्याशिवाय ती दगडाला हात लावायची नाही. पट्टीत काही वावगं दिसलं की माणसाला सरळ डॉक्टरांकडे पिटाळायची. "आधी गोळी, मग यशब," हा तिचा कायदा. मी एकदा विचारलं, "मग यशबनं होतं काय, आत्या?" तिनं नळीचा थेंब जरा वाढवला. मग म्हणाली, "अगं, घाबरलेल्या माणसाला हात कुठे ठेवावा ते कळत नाही. त्याची सोय होते."

बाबांना हे सगळं थोतांड वाटायचं. "हृदय हा पंप आहे, ताई," ते म्हणायचे. "पंपाला कुणी दगड बांधतं का?" आत्या म्हणायची, "नाही बांधत, बाळू. पण पंप घाबरतो का रे?" यावर बाबा पेपर उघडायचे. अख्ख्या भोपाळला हौलदिल्या घातल्या, पण सख्ख्या भावानं तिच्या हातचा एक मणीसुद्धा कधी घेतला नाही. हे तिला लागायचं. खालांनी जाता जाता दिलेला शेवटचा दगड तिनं कपाटात साड्यांच्या खाली ठेवला होता. मुठीएवढा, पांढुरका, एका बाजूला हिरवी सावली असलेला. त्याला ती कापत नव्हती. कुणी मागितला तर म्हणायची, "तो बाळूचा आहे. त्याला अजून माहीत नाही."

आणि मग बाबांच्याच छातीत दुखायला लागलं. बायपास ठरली. आत्यानं त्याच संध्याकाळी साड्या बाजूला केल्या आणि दगड काढला. तिचा हिशोब नीट होता. कापायचा, घासायचा, कडा मारायच्या, चामड्यावर हातानं चमक आणायची आणि निदान आठवडाभर गळ्यात घालायचा. पण दवाखान्यातून फोन आला की जागा रिकामी झाली आहे, परवाच दाखल व्हा. पदक अजून खरबरीत होतं. तेव्हा आत्यानं कधी केलं नव्हतं ते केलं. खालांनी बजावलेलं होतं, आखरी चमक मशीन से नहीं. तरी तिनं चाकावर नमदा, म्हणजे दाबलेल्या लोकरीचा जाड तुकडा, चढवला आणि यशब त्यावर दाबून धरला. नमदा तापला, दगड तापला, आणि चमक आली ती सगळी खड्ड्याखड्ड्यांची. या कामात असं होतं. घाई केली की दगडातला नरम भाग आधी निघून जातो आणि वरचा पापुद्रा संत्र्याच्या सालीसारखा होतो. तो पुन्हा घासल्याशिवाय जात नाही, आणि घासायला वेळ नव्हता.

आत्या बाल्कनीत स्टुलावर बसून रडत होती. तिला रडताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं. बाबा आतून आले आणि त्यांनी हात पुढे केला. "दाखव."

"बिघडला रे बाळू. चांगला दगड नासवला मी."

बाबांनी पदक उजेडाला धरलं, त्यावरून अंगठा फिरवला, परत फिरवला. "काहून रडते गं ताई? हे तर संत्र्याचं साल आहे. आपण नागपूरची माणसं, आपल्याला हेच पाहिजे." मग तिच्याकडे न बघता, "पण गळ्यात नाही घालणार हं मी. खिशात ठेवीन."

"आत्ता नको," आत्या म्हणाली आणि पदक परत घेतलं. "आधी गरम करू दे."

ऑपरेशनच्या दिवशी आम्ही सगळे बाहेर बाकावर होतो. आई जप करत होती, मी उगाच पाणी पीत होते. आत्या डावी मूठ मिटून बसली होती. चहा तिनं उजव्या हातानं घेतला, चष्मा उजव्या हातानं पुसला. बाबांना आयसीयूत नेलं, संध्याकाळी त्यांनी डोळे उघडले, तेव्हा तिनं मूठ त्यांच्या तळहातावर उघडली. बाबांना घशातल्या नळीमुळे बोलता येत नव्हतं. त्यांनी बोटं मिटली, एवढंच.

त्यानंतर ते पदक बाबांच्या सदऱ्याच्या डाव्या खिशात असायचं. पेपर वाचताना अंगठा त्यावर फिरत राहायचा. आत्या ते बघायची आणि बघितलं नाही असं दाखवायची. तिच्या चेहऱ्यावरचं तेव्हाचं सुख मी दुसऱ्या कशाशी तोलू शकत नाही.

ती गेली एका थंडीतल्या दुपारी, चाकापाशी बसूनच. मोटर बंद होती. मांडीवर अर्धवट घासलेला मणी होता आणि वरून पाणी थेंब थेंब पडत होतं. बाबांनी आधी नळीचं चक्र बंद केलं. मग तिच्या गळ्यातला दोरा हळूच काढला. भोपाळातल्याच कोलारच्या एका बाईंसाठी केलेली हौलदिली होती ती. बाबा मला म्हणाले, "हात लाव." मी लावला. तिच्या अंगावरचा दगड इतका गार मला कधीच लागला नव्हता. मला तेव्हा रडू फुटलं.

दिवस झाल्यावर त्या बाई संकोचत विचारायला आल्या. बाबा म्हणाले, "अभी नहीं हुआ है, बहनजी. थोड़े दिन लगेंगे." तेव्हा मला दिसलं, त्यांच्या बनियनच्या आत काळा दोरा होता. एक नव्हे, दोन. पुढच्या पंधरवड्यात त्यांनी कोलारच्या बाईंची हौलदिली स्वतः नेऊन दिली. दुसरा दोरा मात्र तसाच राहिला. आंघोळीलाही ते तो काढत नाहीत. आई विचारते, "अहो, पंपाला दगड कशाला?" बाबा पेपर उघडतात.

परवा त्यांना इकोसाठी साकेत नगरला नेलं होतं. तिथली मुलगी म्हणाली, "अंकल, गले का धागा उतार दीजिए," आणि तिनं स्टीलचा ट्रे पुढे केला. बाबांनी दोरा काढला, ट्रेकडे बघितलं आणि पदक माझ्या हातात दिलं. वरचं ते संत्र्याचं साल आता बोटाला फारसं लागत नाही. एवढा कठीण दगड अंगठ्यानं गुळगुळीत होतो का, मला माहीत नाही.

"मूठ मीट," बाबा म्हणाले. "ताईनं गरम करून दिलाय. मी अजून थंड होऊ दिला नाही."

दार लागलं. मी डावी मूठ घट्ट मिटून बाकावर बसून राहिले.