तीन नंबरची पिन

धुकं इतकं दाट होतं की धाकट्या मिस्त्रींनी गॅरेजचं शटर वर ढकललं तर उजेडाऐवजी धुकंच आत आलं. त्यांनी दिवा लावला, गार पान्यांवरून फडकं फिरवलं आणि स्टँडवर उलट्या टांगलेल्या इंजिनाजवळ स्टूल ओढलं. नवे चार पिस्टन आणि नवे चार रॉड कापडावर ओळीने मांडून ठेवलेले होते. आज बेअरिंगचा सैलपणा बघायचा, रॉड आवळायचे आणि शनिवारी इंजिन चालू करायचं, असा शब्द दिला होता.

धाकटे मिस्त्री म्हणजे वय वर्षं बावन्न, डोक्याला टक्कल, दोन्ही मुलींची लग्नं झालेली. पण त्यांचे वडील रोज नऊला येऊन दाराशी खुर्चीत बसत, त्यामुळे हे धाकटेच राहिले होते. वडिलांना सगळे आबा म्हणत. आबा त्र्याऐंशी वर्षांचे. हात थरथरायचे, म्हणून पाना धरत नसत. जिभेला मात्र काही झालं नव्हतं.

गाडी दातांच्या डॉक्टरीणबाईंची. खरं तर त्यांच्या वडिलांची, आणि धाकट्यांपेक्षाही जुनी. बत्तीस वर्षांपूर्वी आबांनी तिचं इंजिन बांधलं होतं, क्रँकच्या चारही पिना स्वतः घासल्या होत्या आणि क्रँकच्या गालावर छिन्नीने ‘१०’ ठोकला होता. म्हणजे पिना घासून दहाने बारीक केलेल्या, तितकं जाड, दहाचं बेअरिंग लागणार. ज्या गुळगुळीत पिनेला धरून रॉड फिरतो, ती मायक्रोमीटरने मोजूनच बेअरिंग मागवायचं असतं, हे शेंबड्या पोरालाही कळतं. धाकट्यांनी मोजली नाही. पिनांवर नख फिरवलं, ओरखडा लागला नाही, आकडा वाचला आणि मागणी धाडली. आबांच्या आकड्यावर माप लावणं म्हणजे बापाला साक्षीदार आणायला सांगण्यासारखं होतं. सामान यायला चार महिने लागले.

आता त्यांनी एकेका पिनेवर मापाचा मऊ दोरा ठेवला, रॉडची टोपी आवळली, परत सोडली. दोरा जितका चपटा तितका सैलपणा कमी. एक नंबर बरोबर. दोन नंबर बरोबर. तीन नंबरचा दोरा जवळजवळ होता तसाच गोल निघाला.

त्यांनी पुन्हा आवळून बघितलं. मग बेअरिंग बदलून बघितलं. मग बेअरिंग बनवणाऱ्यांच्या आईबापांची चौकशी केली. एवढं सगळं झाल्यावर, दुसरं काही उरलं नाही म्हणून, मायक्रोमीटर काढला. तीन नंबरची पिन ठोकलेल्या आकड्यापेक्षा बारीक होती.

मग बत्तीस वर्षं हे इंजिन खडखडल्याशिवाय चाललं कसं? धाकटे जुन्या बेअरिंगांच्या ट्रेपाशी गेले. तीन नंबरची जोडी उचलली, पाठीमागचं काळं तेल अंगठ्याने पुसलं. तेलाखाली चहाच्या पुड्यातला चंदेरी कागद होता. नीट कापलेला, बेअरिंगच्या पाठीला बेतून.

धाकटे स्टुलावर बसले. कारण होतं.

विसाव्या वर्षी त्यांनी एका टेम्पोच्या सैल बेअरिंगमागे असाच कागद घातला होता. तीन महिन्यांत तो टेम्पो ढोल वाजवत परत आला. “बेअरिंगमागे कागद घालणारा माझ्या गॅरेजात नको,” असं आबांनी गिऱ्हाइकांसमोर सांगितलं आणि पोराला बाहेर काढलं. धाकट्यांनी आठ महिने पेट्रोलपंपावर नळी धरली. ओळखीचा प्रत्येक माणूस टाकीचं झाकण उघडता उघडता म्हणायचा, पेट्रोलच घाल रे बाबा, कागद नको. ‘माझ्या गॅरेजात नको’ हे आपलं वाक्य आबा आजही नव्या माणसाला पहिल्या दिवशी ऐकवत, आणि ऐकवताना धाकट्यांकडे बघत.

आता गुपचूप पिना घासून आणता आल्या असत्या. पार्सल उशिरा आलं म्हणून बाईंना सांगता आलं असतं. आबांचं नाव राहिलं असतं, आणि धाकटेही मरेपर्यंत कागदवालेच राहिले असते. नऊ वाजून गेले होते. आबा खुर्चीत येऊन बसले होते आणि धुक्याला नावं ठेवत होते. धाकट्यांनी जाऊन कागद त्यांच्या तळहातावर ठेवला.

आबांनी चष्मा लावला. कागद उलटा केला, सुलटा केला.

“कितव्यातून?”

“तीन.”

आबांनी कागदाची दुमडलेली कड नखाने सरळ केली. मग म्हणाले की कागद तसा चांगला बसला होता.

“आबा, मला आठ महिने पंपावर उभं केलंत तुम्ही.”

“तुझा तीन महिन्यांत बाहेर आला.”

“हे उत्तर झालं का?”

“नाही,” आबा म्हणाले. “तेव्हाच बिघडली ती पिन. तू पंपावर होतास. मशीनवर मी एकटा. माप धरायला दुसरं माणूस नव्हतं, जास्त घासली गेली. तुला बोलवायला येणार होतो. पंपाच्या वळणापर्यंत आलोही होतो एकदा.”

“मग?”

“तू कोणाशी तरी हसत होतास. म्हटलं, बरं चाललंय पोराचं.”

धाकट्यांना आठ महिन्यांत आपण हसल्याचं आठवत नव्हतं. पण वाद घालावा असा हा मुद्दा नव्हता.

बाईंना मी सांगतो, असं आबाच म्हणाले. फोन धाकट्यांनी लावून दिला, कारण आबांचं बोट दोन आकडे एकदम दाबत असे. पिन मी बिघडवली, आकडा मी खोटा ठोकला, पोराचा दोष नाही; आता चारही पिना वीसवर घासायच्या, बेअरिंग पुन्हा मागवायचं, रॉड-पिस्टन हेच चालतील, शनिवारचं विसरा, असं सगळं त्यांनी एका दमात सांगितलं. बाई पलीकडून बरंच काही बोलल्या. आबा हूं हूं करत राहिले. फोन ठेवल्यावर धाकट्यांनी विचारलं, रागावल्या का. आबा म्हणाले, रागावल्या. मग म्हणाल्या, माझ्या वडिलांनी भरलेले अर्ध्या गावाचे दात मीसुद्धा उकरून परत भरतेय.

धाकट्यांनी मायक्रोमीटर पुसला आणि पहिल्या पिनेला लावला. आबांनी खुर्ची इंजिनाकडे वळवून घेतली. बरोबर निघाली. दुसरी बरोबर. चौथी लावताना आबा दुसरीकडे बघत होते. तीही बरोबर निघाली, तेव्हा त्यांनी विचारलं, आता क्रँक सोडायला घ्यायचा की नुसतं बघत बसायचं.

धाकट्यांनी परातीत रॉकेल ओतलं, आवळलेले सगळे बोल्ट सोडून त्यात टाकले आणि ब्रशने एकेक घासायला बसले.