कुंपणालगतचा फीडर

माझे सासरे निवृत्त टर्नर. जन्म लेथवर गेला, त्यामुळे त्यांना सूतभर चूक खपत नाही आणि माणूस तर मुळीच खपत नाही. शेजारी त्यांचे थोरले भाऊ राहायचे. मधल्या कुंपणावरून दोघांचा अकरा वर्षं अबोला. थोरल्यांच्या पेरूवर पाखरं जमायची, ते सासऱ्यांच्या डोळ्यांत खुपायचं. म्हणून पाखरांना दाणे ठेवायचे दुकानातले चार फीडर नापास करून त्यांनी स्वतः पत्र्याचा बनवला. पाणी शिरू नये म्हणून उतरतं झाकण, मांजर चढू नये म्हणून गुळगुळीत पाइपाचा खांब. सकाळचं ऊन बघून तो कुंपणालगत रोवला. आठवड्यात सगळी पाखरं आमच्याकडे.

मग थोरल्यांना अर्धांगवायू झाला. त्यांची खाट खिडकीशीच होती. काकू कुंपणापलीकडून मला म्हणाल्या, "दिवसभर तुमची पाखरं बघत असतात गं. तेवढंच बरं वाटतं त्यांना."

मी मूर्ख, जेवताना सासऱ्यांपुढे हे बोलून बसले. त्यांनी हात धुतले, पहार घेतली आणि फीडर उपटून घरामागे गटारापाशी नेऊन रोवला.

"त्याच्यासाठी मांडलाय का हा तमाशा?" म्हणाले.

दोन महिन्यांनी थोरले गेले. चौथ्या दिवशी फीडर परत कुंपणालगत.

"इथंच ऊन चांगलं येतं," म्हणाले.

पाखरं लगेच परतली. त्यांना काय, दाणे दिसले की झालं. मी मात्र त्या दिवसापासून सासऱ्यांना ताट वाढत नाही. भांडी ओट्यावर असतात. हातानं घ्यावं आणि गिळावं.