मापाची गाडी

मास्तरांना माणसांची नावं लक्षात राहत नसत, मापं राहत. दुपारी कोण येऊन गेलं असं काकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, विचारलं, तर ते सांगत, "त्यो न्हाई का, अडतीस-छत्तीस, डावा खांदा पडल्याला." आणि काकूंना बरोबर कळे. इस्लामपुरातले डॉक्टर, वकील, पुढारी, सगळे त्यांच्या लेखी छाती, कंबर आणि बाहीची लांबी एवढेच होते. नव्वदच्या दशकात मी तिथल्या एका कॉलेजात प्रयोगशाळा सहायक म्हणून लागलो आणि मास्तरांच्या टेलरिंगच्या दुकानावरची खोली भाड्याने घेतली. पहिल्याच दिवशी त्यांनी मला दारात उभं करून वर-खाली पाहिलं. "चौतीस-अठ्ठावीस," ते म्हणाले, "जेवत न्हाईसा वाटतं." पुढची सहा वर्षं मी त्या घरात चौतीस म्हणूनच ओळखला गेलो.

स्वतः मास्तर पाच फुटांना एक इंच कमी होते आणि काकू त्यांच्याहून दोन बोटं कमी. अख्ख्या तालुक्याला मापात बसवणाऱ्या या माणसाच्या अंगातला सदरा मात्र कायम ढगळ असायचा. खांदे कोपराकडे निघालेले, बाह्या दुमडलेल्या. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "सोताचं माप घेऊ न्हाई. वाकून बघितलं की टेप सरकतो." मग दुसऱ्याकडून घ्या, म्हटलं. त्यावर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी जिना चढून वर गेलो.

त्यांचा दुसरा आवडता शब्द गुरुवार. "कधी मिळेल, मास्तर?" "गुरुवारी या." कोणता गुरुवार, हे गिऱ्हाइकाने विचारायचं नसतं आणि मास्तरांनी सांगायचं नसतं, असा करार होता. दिवाळीचा शर्ट तुळशीच्या लग्नात मिळाला तर लोक मास्तर सुधारले म्हणायचे.

आणि अशा माणसाने गाडी करायला घेतली.

गाडी म्हणजे डॉक्टरांची जुनी फियाट. चिंचेखाली वर्षानुवर्षं उभी होती आणि तिच्यात कोंबड्या अंडी घालत. डॉक्टरांच्या तीन मुलांचे तीन सूट शिवून देण्याच्या बोलीवर मास्तरांनी ती घेतली आणि बैलजोडीने ओढून दुकानामागच्या अंगणात आणली. अख्खी गल्ली बघायला जमली होती. काकू दारात पदर खोचून उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "आवं, निदान कोंबडी तरी उतरवायची हुती."

या खटाटोपामागे एक जुनी जखम होती. काकूंचं माहेर रहिमतपूर. लग्न लागून वरात निघाली आणि भाड्याची जीप मसूरजवळ बंद पडली. मागून उसाची ट्रॉली आली आणि नवी नवरी शालू सावरत उसाच्या मोळ्यांवर बसून सासरी पोचली. ही बातमी रहिमतपुरात काकूंच्या आईला कळली आणि त्या माउलीने ती वीस वर्षं सोडली नाही. "माझी लेक उसावर बसून गेली," असं त्या आल्या-गेल्याला सांगायच्या. शेवटी मास्तरांनी सासूला शब्द दिला, "मामी, तुमच्या लेकीला सोताच्या गाडीनं तुमच्या दारात आनतो. मग तर झालं?" मामी म्हणाल्या होत्या, "माझं डोळं हायती तवर आना."

मी राहायला गेलो तेव्हा मामींच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरायला लागला होता. दर श्रावणात नागपंचमीच्या आधी काकूंचा भाऊ दिनकर बहिणीला न्यायला, म्हणजे मुराळी म्हणून येई. चहा घेता घेता तो विचारी, "दाजी, गाडी?" दाजी म्हणत, "गुरुवारी हुतीया." मग बहीण-भाऊ एसटीने जात. काकू रागवत नसत. फक्त पिशवी उचलताना म्हणत, "चल दिनू, आपली चाळीस शिटांची गाडी लागली आसंल."

कुठलाही माणूस गाडीची सुरुवात इंजिनापासून करेल. मास्तरांनी अस्तरापासून केली. वरच्या टपाला आतून मलमलीचं अस्तर, दारांना मरून मखमल, काठाला सोनेरी पायपिंग. प्रत्येक दाराला झाकणाचा खिसा आणि त्याला काज-बटण. समोरच्या कप्प्याचं झाकण मोडलेलं होतं, तिथे चेन बसवली. चाकं विटांवर आणि इंजिन पोत्यात बांधून कोपऱ्यात, पण आत बसलं की संस्थानिकाच्या दिवाणखान्यात आल्यासारखं वाटायचं. घरात तेवढी मऊ जागा दुसरी नव्हती. काकू मागच्या सीटवर बसून मेथी निवडत. मी पुढे बसून वर्तमानपत्र वाचे. गाडीचा खरा उपयोग ती चालत नव्हती तेव्हाच झाला, असं माझं मत आहे.

पेंटर आला तेव्हा मास्तरांनी त्याच्या हातात कापडाचा तुकडा ठेवला. काकूंच्या एका चिंतामणी, म्हणजे गर्द निळ्या रंगाच्या ब्लाऊजचं उरलेलं कापड होतं ते. "ह्येला मॅचिंग पायजे." पेंटर म्हणाला, असा रंग गाडीला देत नाहीत. मास्तर म्हणाले, "गाडीला न्हाई देत, मान्साला देत्यात. तुमी द्या." तीनदा रंग देऊन झाला. तीनही वेळा मास्तरांनी तुकडा बॉनेटवर धरला आणि मान हलवली. चौथ्या वेळी जमलं तेव्हा पेंटरने त्यांना नमस्कार केला आणि पुन्हा त्या गल्लीत पाऊल टाकलं नाही.

ड्रायव्हरची सीट मात्र त्यांनी सगळ्यात जपून केली. मूळची सीट काढून टाकली. शिसवी लाकडाची चौकट केली, ती तळाला बोल्टांनी पक्की केली, पाठीला कापूस स्वतः पिंजून भरला. क्लच-ब्रेकवर लाकडाचे ठोकळे बसवून ते उंच केले. हे सगळं करताना समोर कोणी बसलेलं नसे. ते टेप हवेत धरत, डोळे मिटत, काहीतरी आठवत आणि खडूने खूण करत. मी विज्ञानाचा माणूस म्हणून एकदा सुचवलं की सीट पुढे-मागे सरकणारी हवी. मास्तर म्हणाले, "चौतीस, पँट पुढं-मागं सरकती का? मापाची आसली की झालं."

पाचव्या वर्षी इंजिन सुरू झालं. मेकॅनिकला मास्तरांनी दोनदा "ट्रायल" द्यायला लावली होती. पंचमीला महिना होता. दिनकरचं पत्र आलं होतं, त्यात एकच ओळ होती: आईला आता माणूस ओळखू येत नाही, रंग तेवढा दिसतो. काकूंनी पत्र वाचलं, घडी घालून खिळ्याला अडकवलं आणि त्या दिवशी मेथी निवडायला गाडीत बसल्या नाहीत. मास्तर पत्राकडे बघायचे, गाडीकडे बघायचे. आणि तेव्हा सगळ्यांच्या लक्षात आलं की मास्तरांना गाडी चालवता येत नाही.

शेजारी आबा होते, एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर, सहा फूट उंच. "मी नेतो की," आबा म्हणाले आणि गाडीत बसायला गेले. आधी डोकं गेलं, मग एक पाय. दुसरा पाय घेताना गुडघा हॉर्नवर बसला आणि तिथेच राहिला. गाडी भोकाड पसरल्यासारखी ओरडत होती आणि आबा आत घडी होऊन बसले होते. आम्ही दोघांनी त्यांना ओढून बाहेर काढलं. बाहेर आल्यावर आबांनी गुडघा चोळत विचारलं, "मास्तर, ही गाडी हाय का झबलं?"

सीट काढून मागे बसवू, असं मी म्हणालो. मास्तरांचा चेहरा पडला. "उसवायची?" ते म्हणाले. मापात केलेली वस्तू उसवणं म्हणजे त्यांच्या दृष्टीने पाप होतं. "उसवनार न्हाई. मी शिकतो."

साखर कारखान्याचा हंगाम संपला की ऊसगाड्या लावायचं मैदान रिकामं असतं. गाडी ढकलत तिथे नेली आणि शिकवणी सुरू झाली. मास्तर सीटवर बऱ्यापैकी बसले. इंजिन सुरू झालं. गियर पडला. आणि मास्तरांचे दोन्ही पाय तीस वर्षांच्या सवयीने पायमशीन चालवायला लागले. क्लच आणि ब्रेक, एकदम, तालात. गाडी फूटभर पुढे जाई, थांबे, फूटभर जाई, थांबे. आबा खिडकीजवळून धावत ओरडत होते, "पाय थांबवा, मास्तर." मास्तर म्हणत होते, "थांबंनात." मैदानाच्या टोकाला गाडी आचका देऊन बंद पडली. मास्तर खाली उतरले, चिखलातल्या चाकांच्या खुणा त्यांनी शेवटपर्यंत न्याहाळल्या आणि म्हणाले, "टाका मात्र येकसारखा पडलाय."

आठ दिवस हेच चाललं. मास्तरांनी चपला काढून पाहिल्या, गुडघ्यांना नाडी बांधून पाहिली. पाय ऐकत नव्हते. नवव्या दिवशी ते मैदानाच्या कडेला दगडावर बसले आणि टेप गळ्यातून काढून हातात धरला. टेप त्यांच्या गळ्यात नाही असं मी प्रथमच बघत होतो. मला फार वाईट वाटलं. "मामीला शबूद दिल्ता," ते एवढंच म्हणाले.

काकू डबा घेऊन आल्या होत्या. त्यांनी डबा माझ्या हातात दिला, दार उघडलं आणि सीटवर बसल्या. पाय ठोकळ्यांवर बरोबर टेकले, हात स्टिअरिंगवर बरोबर पोचले, पाठ कापसात बरोबर बसली. बाही खांद्यावर बसावी तशा त्या बसल्या. आबा काही बोलायच्या आत काकू म्हणाल्या, "सांगा, आधी काय दाबायचं?"

काकूही घरी शिवण करत, पण त्यांचं मशीन हाताचं होतं. जन्मभर त्यांनी उजव्या हाताने चाक फिरवलं होतं आणि त्यांचे पाय शांत बसायला शिकलेले होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी मैदानाला वळसा घातला. सांगलीला जाऊन शिकाऊ लायसन काढलं. मास्तरांनी पांढऱ्या पॉपलिनवर लाल सॅटिनचा एल शिवला, त्याला आतून अस्तर लावलं आणि तो गाडीला पुढे-मागे हुकांनी अडकवला.

दिनकर मुराळी म्हणून आला, त्याने नेहमीप्रमाणे "दाजी, गाडी?" म्हटलं. मास्तर म्हणाले, "बस." त्या दिवशी गुरुवार होता. मास्तरांनी आयुष्यात पाळलेला तो एकमेव गुरुवार असावा. काकू चिंतामणी साडी नेसल्या होत्या. शेजारी कायद्यासाठी आबा गुडघे छातीशी घेऊन बसले, मागे दिनकर, मास्तर आणि मी. कराडपर्यंत आम्हाला सायकली ओलांडून गेल्या. मसूर आलं तेव्हा काकूंनी हॉर्न दिला, रस्त्यावर कोणी नसताना. उसाची ट्रॉली इथेच आली होती.

मामी दारात उभ्या होत्या, हातात भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या. "निळंनिळं काय आलं?" त्या म्हणाल्या. दिनकर म्हणाला, "आई, गाडी आली." मामी थेट मागच्या दाराशी गेल्या, कारण लेक मागे बसते. त्यांनी खिडकीतून हात घालून एकेकाची तोंडं चाचपली. दिनकरची मिशी, माझा चष्मा, मास्तरांचा टेप. मग त्यांचा आवाज चढला. "आन् माझी लेक कुटाय? ह्या खेपंला बी ट्रॉलीत बसवली?"

पुढून काकू म्हणाल्या, "आई, हितं हाय मी."

मामी चाचपडत पुढे आल्या. लेकीचं मनगट हाताला लागलं, मग बांगड्या, मग ते चाक. त्या दबक्या आवाजात म्हणाल्या, "आगं, ऊठ तितनं. डायवर रागवंल." काकू हसायला लागल्या आणि हसता हसता चाकावर डोकं ठेवून रडल्या. हॉर्न वाजत राहिला. अख्खी आळी गोळा झाली, आणि मामींनी भाकरतुकडा लेकीवरून ओवाळला, गाडीवरून ओवाळला, थोडा उरला तो आबांवरून ओवाळला.

पुढे मी साताऱ्याला बदलून गेलो. तयार कपड्यांनी मास्तरांचं दुकान हळूहळू रिकामं केलं आणि एके वर्षी मास्तरही गेले. मला उशिरा कळलं. भेटायला गेलो तेव्हा अंगणात कोरेगावचा एक माणूस गाडी विकत मागत होता, लग्नाच्या वरातींसाठी. तो आत बसायचा प्रयत्न करून थकला होता. "सीट मागं घेऊन देत आसला तर बोला," तो म्हणाला. काकू म्हणाल्या, "आल्टर हुनार न्हाई." तो गेला.

चहा झाल्यावर त्यांनी मास्तरांची मापाची वही काढली, माझं पान दाखवायला. चौतीस-अठ्ठावीस होतं, पुढे "उपाशी" असा शेरा होता. मी पानं उलटत राहिलो. डॉक्टर होते, आबा होते, पेंटरसुद्धा होता. मास्तरांचं स्वतःचं माप कुठेच नव्हतं. मधल्या एका पानावर वर लिहिलं होतं: गाडी. खाली, बसल्यावर गुडघा साडेसोळा, हात बावीस, पाऊल आठ. आणि मापाच्या डोक्यावर, जिथे गिऱ्हाइकाचं नाव घालतात तिथे, "सौ." एवढंच. त्याखाली, वायदा: गुरुवार. तारीख गाडी अंगणात आली त्या आठवड्याची होती.

काकूंनी वही हातात घेतली. मग कोपऱ्यातला टेप घेऊन त्यांनी स्वतःचं पाऊल मोजलं. आठ.

"आन् मी पाच वर्सं बोलत हुते," त्या म्हणाल्या, "सोताच्या हौशीला करत्यात म्हनून." त्यांनी डोळे पुसले, टेप गळ्यात घातला आणि किल्ली घेतली. "चला चौतीस, स्टँडवर सोडते."

मी मागे बसलो, मास्तरांच्या जागी. काकूंनी आरसा सारखा केला आणि त्यातून मला खांद्यापासून खाली नीट बघितलं.

"चौतीस कुटलं," त्या म्हणाल्या, "चाळीस-अडतीस. जेवतायसा वाटतं."

माप बरोबर होतं.