आईचा पाळणा आणि भिंतीपलीकडचा पियानो

लीड्समधलं आमचं घर सेमी-डिटॅच्ड, म्हणजे शेजारच्या घराला जोडलेलं, मधली भिंत एकच. भिंतीपलीकडे नव्वदीला टेकलेले एक हंगेरियन गृहस्थ एकटेच राहायचे. ते पियानो वाजवतात, संगीत रचतात, एवढंच मला ठाऊक होतं. हॉस्पिटलच्या ड्यूटीला पळताना ‘मॉर्निंग’ म्हणण्यापलीकडे आमची ओळख गेली नव्हती. मग मला मुलगी झाली आणि मदतीला कोल्हापूरहून आई आली.

बाळाला झोपवताना आई तिच्या आईनं रचलेला पाळणा म्हणायची. एका सकाळी ती गात असताना भिंतीपलीकडून पियानोवर तीच चाल उमटली. आई थांबली, तसा पियानोही थांबला. तिनं पुढची ओळ म्हटली, तर तीही पलीकडून आली.

“अगं, कुणीतरी माझ्याबरोबर वाजवतंय!” आईचा चेहरा असा फुललेला मी कितीतरी वर्षांत पाहिला नव्हता.

थोड्या वेळानं बेल वाजली. दारात म्हातारेबुवा, पायांत घरातल्या सपाता, अंगावर कोट नाही, केस पावसानं भिजलेले.

“हे गाणं कुठलं?” त्यांनी विचारलं. “पाचच सूर आहेत. वरून निघतं आणि पायरीपायरीनं खाली उतरतं. आमच्या खेड्यातल्या बायका अगदी असंच गायच्या!”

मी त्यांना आत घेतलं. आईनं चहा टाकला. पुढे ते रोजच यायला लागले, आणि त्यांचं आयुष्य आम्हाला तुकड्यातुकड्यांनी कळत गेलं. मी भाषांतर करायची, आई मध्येच प्रश्न विचारायची. लहानपणी शाळेतल्या बेसूर पियानोवर ते आपलं आपण शिकले होते. राजधानीतल्या संगीत विद्यालयात प्रवेश मिळाला. सुट्टीत खेडोपाडी फिरून जुनी गाणी ते टिपून घ्यायचे. मग छप्पन साली शहरात रशियन रणगाडे आले. ते ओल्या शेतांतून चालत सरहद्द ओलांडून गेले आणि इंग्लंडला पोचले.

“आणि तुमची आई?” आईनं विचारलं.

“ती तिकडेच राहिली. परत भेट झाली नाही.”

आईनं त्यांच्या बशीत आणखी एक रव्याचा लाडू ठेवला.

इथे त्यांनी बॅलेच्या क्लासमध्ये साथ केली, शाळांत शिकवलं. हळूहळू रेडिओवर, मोठ्या हॉल्समध्ये वाजवायला लागले. त्यांच्या रचना देशोदेशी गायल्या जात होत्या. पण अलीकडे ते काही लिहीत नव्हते. “सुचत नव्हतं,” ते म्हणाले, “त्या सकाळपर्यंत.”

आता भिंतीपलीकडे दिवसभर पियानो चालू असायचा. आईची चाल आणि त्यांच्या खेड्यातली चाल एकमेकींत गुंफून ते नवी रचना करत होते. मँचेस्टरमध्ये कार्यक्रम ठरला. गायला एक नावाजलेली इंग्रज गायिका होती. शब्दांचे उच्चार शिकवायला आम्ही बाळासकट तालमीला गेलो. गायिकेचा आवाज अप्रतिम होता, पण ‘बाळा’चं ‘बाला’ काही केल्या सुटेना. तिनं आईला म्हणून दाखवायची विनंती केली. आईनं डोळे मिटून सबंध पाळणा म्हटला. संपल्यावर गायिकेनं हातातले कागद मिटले.

तीच मग म्हणाली, “हे यांनीच गायला हवं. मी वरचा हंगेरियन भाग गाते.”

मी आईला सांगितलं. ती घाबरून म्हणाली, “वेडी आहेस का? लोकांसमोर? मी?”

म्हातारेबुवा पियानोसमोरून उठून तिच्याजवळ आले. “तुम्ही फक्त नातीला झोपवा. बाकीचं मी बघतो.”

कार्यक्रमाच्या दिवशी आईनं जांभळी इरकल नेसली, आतून थर्मल्स. मी पहिल्या रांगेत बाळाला घेऊन बसले होते. पियानो सुरू झाला, आधी अगदी हळू. आईनं पहिला सूर लावला. तो किंचित थरथरला, आणि मग लागला! कोल्हापूरच्या आमच्या स्वयंपाकघरातला तो आवाज त्या उंच छताला जाऊन भिडला. त्यावर गायिकेचा हंगेरियन सूर चढला आणि खाली म्हातारेबुवांची बोटं विशीतल्या पोरासारखी पळायला लागली. दोन्ही गाणी एकाच सुरावर येऊन विसावली, तेव्हा लोक उभे राहिले. मी ओरडलेच, “आई!” भर टाळ्यांत.

म्हातारेबुवांनी तिचा हात धरून तिला पुढे आणलं. ती नमस्कार करत होती, हसत होती, डोळे पुसत होती.

पुढच्या वसंतात ती रचना त्यांच्या जन्मगावी वाजली. ते स्वतः गेले होते. आई तोवर कोल्हापूरला परतली होती. त्यांनी तिला फोनवरून गायला लावलं आणि फोन मायक्रोफोनपाशी धरला. सभागृहातल्या म्हाताऱ्या बायका, एक अक्षर न कळता, तिच्याबरोबर गुणगुणायला लागल्या. ते सगळं आईला तिकडे ऐकू येत होतं.

“अगं,” नंतर ती मला फोनवर सांगत होती, आनंदानं धाप लागलेली, “त्यांना चाल येत होती गं! सगळ्यांना येत होती!”