बेळगाव ते दिल्ली, दोन तिकिटांवर

बेळगावजवळच्या सांबऱ्याच्या विमानतळावर पोचलो तेव्हा भोवतालच्या शेतांवर अजून धुकं होतं. सोबत माझी थोरली बहीण, आक्का. निपाणीत तीस वर्षं विड्या वळून तिनं लेकीला शिकवलं. आज दुपारी तीनला दिल्लीत त्या लेकीला, उमाला पीएच.डी. मिळणार होती.

बेत माझा होता. दोन वर्षांपूर्वी मी असाच गेलो होतो. बेळगावहून छोट्या कंपनीचं विमान, बंगळूरहून मोठ्या कंपनीचं. दोन्ही कंपन्यांचा करार होता. पहिल्या विमानाला उशीर झाला, तेव्हा मोठ्या कंपनीनं मला निमूटपणे पुढच्या विमानात बसवलं होतं. त्या भरवशावर या वेळीही त्याच दिवशी पोचायचं ठरवलं. "एक दिस आदी जाऊया की," असं आक्का म्हणाली होती. मी हसण्यावारी नेलं.

काउंटरवर एकच बोर्डिंग पास मिळाला.

"पुढचा बंगळूरला घ्या सर. बॅगही तिथं उतरवून घ्यावी लागेल."

"पूर्वी थेट जायची."

"आता दोन वेगळी तिकिटं आहेत."

मी मान डोलावली. उशीर झाला तर काय, हे तिथंच विचारायला हवं होतं.

सव्वासातचं विमान दहाला उडालं. पंख्यांच्या घरघरीत आक्का खिडकीला नाक लावून बसली होती. तिला खाली ओळखीची नदी शोधायची होती, आणि मी घड्याळाकडं बघत होतो.

बंगळूरला बॅग ओढत मोठ्या कंपनीच्या काउंटरवर धावलो. दिल्लीचं विमान गेलं होतं.

"छोट्या कंपनीशी आमचा करार आता नाही सर," तिथली मुलगी म्हणाली. "त्यांना उशीर झाला तर आम्ही जबाबदार नाही."

छोट्या कंपनीच्या माणसानं सांगितलं, "आम्ही तुम्हाला बंगळूरला आणलं. आमचं काम संपलं."

आक्कानं मोठ्या कंपनीच्या काउंटरवर परत येऊन त्या मुलीला कन्नडात विनवलं. मुलीचा चेहरा पडला. "आगल्ल अम्मा" (नाही जमणार, आई), ती हळूच म्हणाली.

आक्का माझ्याकडं वळली. "ह्यांची सोडचिठ्ठी झाली, आन् हाल आमचं व्हय रं?"

दुपारी चारच्या विमानात जागा मिळाली, नवीन तिकिटावर. मी म्हटलं, "आक्का, समारंभ तर चुकलाच. परत जाऊया का?"

"परत? पोरगी वाट बघत असंल."

बाकावर बसून आम्ही धपाटे खाल्ले. तीनला मोबाईलवर समारंभ दिसू लागला. आमच्या विमानात बसायची घोषणा झाली, रांग सरकली, तरी आक्का उठेना. उमाचं नाव पुकारलं गेलं. ती पायऱ्या चढली, आणि नेमकं चित्र थिजलं. उमाची फक्त पाठ दिसत होती. पुन्हा चालू झालं तेव्हा मंचावर दुसरंच कुणी होतं.

"चल," आक्का म्हणाली.

दिल्लीच्या विमानतळाबाहेर उमा उभी होती, गळ्यात पदवीचं उपरणं तसंच. आक्कानं तिच्या दोन्ही गालांवरून हात फिरवून बोटं मोडली. चार दिवस ती लेकीच्या खोलीत हसतमुखानं राहिली, मैत्रिणींना पिठलं करून घातलं.

परतीला बंगळूरला मुद्दाम सहा तास हाताशी ठेवले होते. विमान वेळेवर निघालं. बेळगावहून निपाणीची बस धरली तेव्हा अंग आंबून गेलं होतं. संकेश्वर मागं पडल्यावर मी म्हणालो, "आक्का, चुकलं माझं. तुझं ऐकायला पायजे होतं."

तिनं तोंड खिडकीकडं वळवलं. मग म्हणाली, "लेकीम्होरं रडाय आलं न्हाय रं."

तवंदीचा घाट उतरेपर्यंत ती पदरात तोंड घालून रडली. चार दिवस तिच्या हसण्याकडं बघत मी स्वतःला माफ करून टाकलं होतं. निपाणीच्या स्टँडवर तिनं डोळे पुसले आणि माझ्या आधी बॅग उचलली. मला तिच्याकडून ती घ्यायचंही धाडस झालं नाही.